स्कीइंगला निघण्यापूर्वी बर्फाचा अंदाज कसा घ्यावा: कोकणातल्या नवशिक्यांसाठी

रत्नागिरी किंवा कुडाळहून स्कीइंग शिकायला निघणाऱ्याची पहिली अडचण थंडीची नसते, तारखांची असते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि हंगामात ते उघडता उघडता भरते. विमानाचे परवडणारे तिकीट हवे असेल तर तेही तितकेच आधी काढावे लागते. उलट डोंगरावर बर्फ पडणार की नाही, हे जरा भरवशाने सांगता येते ते फार तर पाच-सहा दिवस आधी. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाभर जवळजवळ उघडे पडले होते, बर्फ आला तो महिना सरता सरता, आणि तोवर अनेकांच्या सुट्ट्या संपून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पुरेशा बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. राष्ट्रीय स्पर्धेच्या आयोजकांना जिथे तारीख साधत नाही, तिथे आपण दोन महिने आधी काढलेल्या तिकिटाची काय कथा, असे म्हणून हात झटकता येतील. पण तारखा निवडणे, ठिकाण निवडणे आणि निघण्याच्या आठवड्यात हिमस्थितीचा अहवाल नीट वाचणे या गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि त्या जमल्या तर निराशेची शक्यता पुष्कळ कमी होते.

तारखा आणि ठिकाण

काश्मीर आणि उत्तराखंडमध्ये हिवाळ्यात पडणारा बर्फ प्रामुख्याने पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या या प्रणाली एकामागून एक येतात, एखाद्या वर्षी त्यांच्यात मोठा खंड पडतो, आणि तो खंड जानेवारीत पडला की २०२४ सारखी स्थिती होते. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या ४० दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. त्यानंतरचे २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ थंडीमुळे टिकतो आणि त्याचाच थर पुढच्या दोन महिन्यांचा पाया बनतो. या कारणाने नवशिक्याने ख्रिसमस आणि नववर्षाचा आठवडा टाळावा: तेव्हा भाडी चढलेली असतात, गर्दी असते आणि पाया बहुधा तयार झालेला नसतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

हा काळ कोकणातल्या सर्वांनाच सोयीचा नाही, हे खरे. आंबा बागायतदाराला त्या दिवसांत मोहोराच्या फवारण्या सोडून कुठे जाता येत नाही, आणि मालवण तालुक्यातल्या माणसाला आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरेपर्यंत काहीच ठरवता येत नाही. ज्यांना मार्चशिवाय सवड नाही त्यांनी मार्चमध्ये जावे, पण अधिक उंचीचे ठिकाण निवडावे आणि दुपारी उतारावर राहण्याची अपेक्षा ठेवू नये.

देशात शिकण्यासाठी गुलमर्ग आणि औली ही दोन नावे प्रथम येतात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथली गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणारी बंद पाळण्यांची गाडी, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीपर्यंत आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, म्हणजे सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जाते. नवशिक्याचे काम मात्र खालच्या कुरणावर, छोट्या लिफ्टच्या आसपासच चालते. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान आहेत. जोशीमठहून वर जाणारा रोपवे २०२३ च्या जानेवारीत तिथली जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला, त्यामुळे रस्त्याने वर जाण्याची तयारी ठेवूनच बेत आखावा. औलीसाठी कोकण रेल्वेच्या मार्गावरून थेट दिल्ली गाठता येते आणि पुढे ऋषिकेशमार्गे रस्ता आहे. श्रीनगरला जून २०२५ पासून कटऱ्याहून वंदे भारतने जाता येते. त्या वाटेवर चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा जो पूल लागतो, तो उभारण्याचे काम आपल्या कोकण रेल्वे कॉर्पोरेशनकडेच होते, ही गोष्ट गाडीत शेजारच्या प्रवाशाला सांगायला हरकत नाही.

यंत्राने केलेला बर्फ आणि हवेतला ओलावा

‘तिथे बर्फ करण्याची यंत्रे आहेत’ एवढे ऐकून अनेक जण निर्धास्त होतात. इथेच सर्वाधिक गैरसमज आहे आणि म्हणून हा भाग थोडा सविस्तर समजून घ्यावा लागेल.

स्नो गन नावाचे यंत्र तयार बर्फ फेकत नाही. ते पाण्याचे अतिशय बारीक थेंब हवेत उडवते आणि ते थेंब जमिनीवर पडण्याआधी गोठावेत अशी व्यवस्था करते. यंत्राला दोन प्रकारची तोंडे असतात. काही तोंडांतून दाबाखालची हवा आणि थोडे पाणी एकत्र सुटते. दाब सुटताच हवा प्रसरण पावते, एकदम थंड होते आणि तिच्यातले थेंब इवल्या हिमकणांत बदलतात. बाकीच्या तोंडांतून बरेच पाणी फवारले जाते आणि त्याचे थेंब या कणांना भेटून गोठू लागतात. असे बीज लागतेच, कारण अगदी शुद्ध पाण्याचा बारीक थेंब बीजाविना शून्याखाली कितीतरी अंशांपर्यंत द्रवच राहू शकतो. काही ठिकाणी याच कामासाठी पाण्यात एका जिवाणूपासून काढलेले प्रथिन मिसळतात. पंख्याची गन हा फवारा दूरवर फेकते; उंच दांड्यावरची लान्स गन तो वरून खाली सोडते, आणि थेंबाला गोठायला वेळ मिळतो तो या उंचीमुळेच.

पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते, आणि ती उष्णता कुठेतरी गेली नाही तर थेंब गोठत नाही. तिचा एक भाग थंड हवा घेते. दुसरा, बराच मोठा भाग थेंबाच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता खर्च होते तेवढी काढून घेतली की साधारण सात ग्रॅम पाणी गोठते. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असेल तर वाफ होणार कशी? कोकणात जूनच्या दमट हवेत माठातले पाणी म्हणावे तसे गार होत नाही आणि देशावर मात्र एप्रिलच्या भर उन्हात तोच माठ दात शिवशिवतील असे पाणी देतो, त्यामागचे कारण हेच आहे.

म्हणून बर्फ करणारे कर्मचारी साध्या तापमापकावर विसंबत नाहीत. ते वेट-बल्ब तापमान पाहतात, म्हणजे फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकावर वारा घातला असता जो आकडा दिसतो तो. हा आकडा साधारण उणे २ ते उणे २.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला की यंत्रे चालू करता येतात, पण तेव्हाचा बर्फ ओलसर आणि थोडा असतो. उणे ५ च्या खाली गेल्यावर काम चांगले चालते आणि आणखी खाली गेल्यावर त्याच यंत्रातून कितीतरी अधिक पाणी सोडता येते. हवेचे तापमान बरोबर शून्य अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर वेट-बल्ब तापमान उणे ३ च्या आसपास येते. उलट हवा उणे २ अंश पण आर्द्रता ९५ टक्के असेल तर ते उणे २.५ पर्यंतही पोचत नाही. म्हणजे अंगाला जी रात्र जास्त गार लागते तिच्यात यंत्र अडते आणि जी जरा उबदार पण कोरडी असते तिच्यात चालते. हवामानाच्या ॲपवर फक्त अंशांचा आकडा पाहून ‘आज रात्री बर्फ करतील’ असे ठरवणारा मनुष्य बहुतेक वेळा फसतो.

हे घरी पडताळून पाहता येते आणि शाळकरी मुले सोबत येणार असतील तर अवश्य पाहावे. पडवीत दोन साधे तापमापक शेजारी शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि पाच-सात मिनिटे टेबलफॅनचा वारा घालावा. बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर ओला तापमापक २७ च्या आसपास थांबेल. आर्द्रता ४० टक्के असेल तर तोच २० च्या आसपास उतरेल. जानेवारीत सकाळचे दव सरल्यावर, पण खारे वारे सुरू होण्याआधी, दोन्हींतला फरक सर्वांत मोठा दिसतो. खारे वारे एकदा सुरू झाले की तो कमी होऊ लागतो. जुलैच्या झडीत दोन्ही तापमापक जवळजवळ एकच आकडा दाखवतात. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला हवेतला ओलावा अंगावरच कळतो, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला मैदानी मुलखातल्या लोकांपेक्षा लवकर उमगायला हवा.

यंत्राच्या बर्फाचे गुणही वेगळे असतात. आकाशातून पडलेल्या ताज्या बर्फाचे स्फटिक सहा कोनी आणि फांद्याफांद्यांचे असतात. त्यांच्यात हवा भरलेली असते आणि एका घनमीटरचे वजन अनेकदा १०० किलोच्या आतबाहेर भरते. यंत्रातून पडतात त्या बर्फाच्या बारीक गोल गोळ्या, आणि त्यांचा एक घनमीटर ४०० ते ५०० किलोंचा असतो. तो दाट असल्याने घासला जात नाही, उशिरा वितळतो आणि पाया म्हणून उत्तम असतो; मात्र त्यावर पडल्यास लागते अधिक. दाट असल्यामुळे त्याला पाणीही भरपूर लागते. एका हेक्टरवर ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे ३,००० घनमीटर बर्फ, आणि त्यासाठी सुमारे १२ लाख लिटर पाणी. मे महिन्यात विहिरीचा तळ पाहणाऱ्या गावातला वाचक हा आकडा दोनदा वाचील. हे पाणी साठवण्यासाठीच डोंगरावर तळी बांधावी लागतात. औलीतले कृत्रिम तळे याच कामासाठी आहे आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांच्या वेळी तिथे स्नो गन बसवल्या गेल्या.

तरीही भारतात यंत्राच्या भरवशावर बेत आखू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गुलमर्गची भिस्त नैसर्गिक बर्फावर आहे. औलीत यंत्रे असली तरी हवा, पाणी, वीज आणि देखभाल ही चारही एकाच आठवड्यात जुळून यावी लागतात. ज्यांना तारखेची खात्रीच हवी आहे आणि खर्च झेपणार आहे त्यांनी आल्प्समधले, विशेषतः इटलीतले डोलोमाइट पर्वतातले ठिकाण पाहावे. तिथल्या बहुतेक उतारांवर यंत्रांची व्यवस्था आहे. २०२२ चे बीजिंग हिवाळी ऑलिंपिक तर जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या बर्फावर पार पडले. जपानमधल्या होक्काइडोची गोष्ट निराळी: सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतात आणि डोंगराला अडले की तो रिता करतात, त्यामुळे तिथे नैसर्गिक बर्फाची वाण क्वचितच पडते.

अहवाल कसा वाचावा

निघण्याच्या आठवड्यात ठिकाणाचा हिमस्थिती अहवाल रोज पाहावा, आणि सर्वप्रथम त्यावरची वेळ पाहावी. कालच्या सकाळचा अहवाल आज दुपारी उपयोगाचा नसतो. त्यानंतर पायाच्या थराची खोली पाहावी. बहुधा दोन आकडे दिलेले असतात, एक शिखराजवळचा आणि एक पायथ्याचा. जाहिरातीत मोठा आकडा मिरवला जातो, पण नवशिक्याला दुसराच लागू होतो. गवताळ कुरणावर दाबलेला एक-दीड फुटाचा थर शिकायला पुरतो. खडकाळ उतारावर तीन-चार फूट असले तरी दगड डोके वर काढू शकतात. गेल्या २४ तासांत किती नवा बर्फ पडला हा आकडा निष्णात स्कीअरना भुरळ घालतो, पण पहिल्यांदा पायात स्की बांधणाऱ्याला गुडघाभर ताज्या, भुसभुशीत बर्फात वळताही येत नाही आणि पडल्यावर उठताही येत नाही. नवशिक्याने यंत्राने दाबून सारखा केलेला उतार शोधावा, मग त्यावरचा बर्फ आकाशातला असो वा गनचा. रात्री दाबलेल्या उतारावर सकाळी उभ्या बारीक रेघा दिसतात. कॅमेऱ्याच्या थेट चित्रात त्या दिसल्या तर तो उतार तयार आहे असे समजावे.

बर्फाच्या पोताविषयीचे शब्दही ओळखावेत. पावडर म्हणजे कोरडा, भुरभुरीत, ताजा बर्फ. पॅक्ड पावडर म्हणजे तोच दाबून घट्ट झालेला, आणि शिकण्यासाठी हाच उत्तम. क्रस्ट म्हणजे वर कडक पापुद्रा आणि खाली मऊ थर: पाय मध्येच खचतो आणि गुडघा पिळवटतो, म्हणून हा शब्द दिसला तर घाई करू नये. आयसी म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा टणक. स्लश म्हणजे पाणी सुटलेला, चिखलट.

प्रवासाला चार दिवस उरले असताना तीन गोष्टी एकत्र मांडाव्यात: पायथ्याची खोली, हवामान खात्याच्या श्रीनगर किंवा डेहराडून केंद्राचा अंदाज, आणि रात्रीचे तापमान व आर्द्रता. पाया पुरेसा आहे, रात्री निरभ्र आणि शून्याखाली आहेत आणि मोठा विक्षोभ येत नाही, तर डोळे मिटून निघावे. नवा बर्फ पडत नाही म्हणून खट्टू होऊ नये. पाया पातळ आहे पण चांगला विक्षोभ येतो आहे, तर जावे, मात्र त्या दिवसांत श्रीनगरची विमाने रद्द होतात, जम्मूचा महामार्ग बंद पडतो आणि टंगमर्गहून गुलमर्गला चढणाऱ्या गाडीला चाकांच्या साखळ्या लागतात, हे धरून दोन दिवस हाताशी ठेवावेत. पाया नाही आणि अंदाजही कोरडा आहे, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, बेत पुढे ढकलावा. पायथ्याच्या उंचीवर पावसाचा अंदाज असेल तर बर्फ असूनही मी थांबेन. एका रात्रीचा पाऊस असलेला थर भिजवतो आणि पुढची थंडी त्याची काच करते.

हिमस्खलनाचा इशारा यात निराळा वाचावा. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी तो देते. धोक्याची प्रचलित मोजपट्टी १ ते ५ अशी आहे आणि मधला ३ हा आकडा मवाळ समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटवर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्याच वरच्या उतारांवर परदेशी स्कीअर हिमस्खलनात दगावले. ते नवशिके नव्हते. शिकणाऱ्याने गस्त असलेल्या, दोऱ्यांनी आखलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकू नये.

उतारावर पोचल्यावर

समुद्रसपाटीवरून थेट २,६५० मीटरवर गेल्यावर पहिला दिवस चालण्यात आणि पाणी पिण्यात घालवावा. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावरच्या दाबाच्या साधारण ६० ते ६५ टक्केच असतो, तेव्हा डोके दुखू लागल्यास खाली उतरणे हाच उपाय. आतले कपडे सुती नसावेत. कोकणात जे कापड अंगाला सुखावते तेच तिथे घाम धरून ठेवते आणि थांबताच हुडहुडी भरवते. उन्हाचा चष्मा आणि सनस्क्रीन यांत काटकसर नको, कारण ताजा बर्फ उन्हातला बहुतांश प्रकाश परत तोंडावर फेकतो.

सकाळी शिक्षक येण्याआधी हातमोजा घालून मूठभर बर्फ दाबून पाहावा. मूठ उघडताच तो भुरूभुरू सांडला तर कोरडा आहे. गोळा बनून राहिला तर किंचित ओलसर आणि शिकायला सोयीचा. बोटांतून पाणी निथळले तर त्या उतारावरचा दिवस संपत आला आहे. स्नो गन चालू असलेल्या ठिकाणी कर्मचारी फवाऱ्याखाली बाही धरून पाहतात: कण बाहीवर आपटून उडाले तर बर्फ कोरडा, चिकटून ओला डाग पडला तर पाणी कमी करायची वेळ. आपणही सुरक्षित अंतरावरून हे करून पाहावे, मात्र चालू गनच्या जवळून स्की करत जाऊ नये; तिथे ओल्या बर्फाचे ढीग असतात आणि स्की त्यात अचानक अडकते.

सूर्याकडे तोंड असलेला दक्षिण उतार दुपारी मऊ होतो आणि रात्री पापुद्रा धरतो. उत्तर उताराचा बर्फ जास्त दिवस कोरडा राहतो. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये सकाळी नऊला उतार टणक असतो, दहा ते बारा या वेळात तो सर्वांत चांगला असतो आणि दोननंतर पाणी सुटू लागते. म्हणून शिक्षकाची वेळ ठरवताना जानेवारीत अकरा ते तीन आणि मार्चमध्ये दहा ते एक अशी मागावी, आणि पायातले बूट भाड्याने घेतानाच दोन्ही बुटांच्या सर्व पकडी स्वतः लावून, गुडघा पुढे वाकवून, टाच उचलली जात नाही ना हे पाहून घ्यावे.